संगीताचा तास आणि बंद दार
वर कोणीतरी लिहिलंय की गोव्यात घरोघरी पेटी-तबला आहे, सगळे एकमेकांना ओळखतात, मग प्राथमिक शाळेत येणाऱ्या संगीत सरांवर मुलांच्या सुरक्षेचे कसले नियम. मला हे अजिबात पटत नाही. ओळखीमुळेच तर मूल बोलायला घाबरतं ना!

माझी मुलगी फोंड्याजवळच्या शाळेत तिसरीत आहे, पेटी शिकते. आवाज बाहेर जातो म्हणून दार लावून तास चालायचा, आत सर आणि एकच मूल. आम्ही पालकांनी सांगितलं, दार उघडं ठेवा, दोघं-तिघं मुलं एकत्र बसवा, आणि बोटं बसवायची तर आधी स्वतःच्या हाताने दाखवा, मग मुलाला विचारून हात लावा. सरांनी लगेच ऐकलं, शिकवण्यात काही कमी झालं नाही.

आणि बाहेरून येणारे सर असले तरी पोलीस व्हेरिफिकेशन हवंच, पॉक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, त्याच्या २०२० च्या नियमांत आहे ते. गोव्यात तर २००३ पासून वेगळा बाल कायदासुद्धा आहे. संशय आला तर शाळेने आपसात मिटवायचं नसतं, पोलिसांना कळवणं पॉक्सोत बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर मुलांकडून पाठ करून घ्या.