२०० बेट्सनंतर नफा दिसतोय, आता स्टेक कसा ठरवू?

नवा_पंटर:
नमस्कार मंडळी. फुटबॉलवर बेट लावतो, सगळं एक्सेलमध्ये लिहून ठेवलंय. आत्तापर्यंत २०० बेट्स झाल्यात, ऑड्स (जिंकल्यास १ युनिटमागे एकूण परत मिळणारी रक्कम) सगळे २.०० च्या आसपास, आणि ३१ युनिट वर आहे. जेवढी खात्री तेवढा स्टेक (एका बेटवर लावायची रक्कम), म्हणजे १ ते ५ युनिट. आता १०० युनिटची बँक (बेटिंगसाठी बाजूला ठेवलेले पैसे) धरून नीट प्लॅन ठरवायचाय. एक मित्र म्हणतो हरलं की पुढची डबल कर, कधी ना कधी लागतेच, दुसरा म्हणतो केली (फायद्याच्या अंदाजावरून स्टेक ठरवायचं सूत्र) वापर. काय करू?

शीटवाला:
प्लॅनचं नंतर बघू. आधी शीटमध्ये एक कॉलम वाढव आणि प्रत्येक बेट १ युनिटचीच होती असं धरून नफा काढ. त्या ३१ मधला निवडीचा भाग किती आणि दोन-चार मोठ्या बेट्स लागल्या त्याचा किती, हे त्याशिवाय कळणारच नाही.

नवा_पंटर:
काढलं. १०६ जिंकल्या, ९४ हरल्या. १२ युनिट, ६ टक्के यील्ड (लावलेल्या रकमेवरचा नफा). चांगलं आहे ना?

शीटवाला:
चांगलं आहे पण पुरावा म्हणून कच्चं आहे रे. २.०० ऑड्सला एका बेटचा चढउतार साधारण १ युनिट, मग २०० बेट्सचा २०० चं वर्गमूळ, म्हणजे १४. नुसतं नाणं उडवून निवड केली असती तरी पाचातल्या एकाला १२ किंवा जास्त नफा दिसला असता. हेच ६ टक्के २००० बेट्सवर टिकलं तर नफा १२० आणि चढउतार ४५ च्या आसपास, तेव्हा मी मानेन. तोवर क्लोजिंग ऑड्स, म्हणजे मॅच सुरू होतानाचे शेवटचे ऑड्स, लिहायला लाग. तू २.१० ला घेतलीस आणि मॅच सुरू होताना दोन्ही बाजू १.९५ वर बंद झाल्या, तर बुकीचं मार्जिन (ऑड्समध्ये धरलेला त्याचा नफा) काढून खरा भाव २.००, म्हणजे तुला ५ टक्के जास्त मिळाले. असं बहुतेक बेट्सवर होत असेल तर निकालांपेक्षा खूप लवकर कळतं की निवडीत दम आहे.

संथ_चाल:
डबल करायचं डोक्यातून काढून टाक, कळकळीने सांगतोय. १, २, ४ करत सलग सहा हरलास की ६३ गेले, सातवीला ६४ हवेत आणि बँकेत उरलेत ३७. आणि २०० बेट्समध्ये सलग सहा हरणं हे न होण्यापेक्षा होण्याचीच शक्यता जास्त आहे. निवडीतच फायदा नसेल तर स्टेक वर-खाली करून तो येत नाही, फक्त तोटा कुठे बसणार ते बदलतं.

गणिती:
केलीबद्दल. बेल लॅब्सच्या केलीने १९५६ मध्ये मांडलेलं सूत्र सोपं आहे, तुझा फायदा भागिले ऑड्स वजा १. वरचंच उदाहरण घे, ०.०५ भागिले १.१०, म्हणजे बँकेच्या साडेचार टक्के. पण तो ५ टक्के फायदा तुझा अंदाज आहे, आणि खरा फायदा निम्म्याहून कमी निघाला तर तू केलीच्या दुपटीहून जास्त लावतोयस, मग निवड चांगली असूनही बँक लांबच्या पल्ल्यात घटत जाते. म्हणून लोक अर्धी किंवा पाव केली घेतात. पाव म्हणजे १.१ टक्के, तुझ्या १०० च्या बँकेत जवळपास १ युनिटच. त्यामुळे सध्या फ्लॅट, म्हणजे प्रत्येक बेटला सारखंच, १ युनिट आणि पाव केली यात तुला फारसा फरक पडणार नाही, फ्लॅट घे, हिशोब स्वच्छ राहतो.

नवा_पंटर:
पटलं. मग खात्रीच्या बेट्सना पण १ च? आणि युनिट कधी बदलायचं?

शीटवाला:
हो, १ च, पण खात्रीचा आकडा वेगळ्या कॉलममध्ये लिहीत जा. ५ वाल्यांना १ वाल्यांपेक्षा क्लोजिंगवर जास्त फरक मिळतोय असं दिसलं तरच स्टेक वेगळा कर. युनिट दर १०० बेट्सनंतर बँकेच्या १ टक्का करून घे, बँक खाली आली असेल तर कमीच होईल, तेव्हा मागचं भरून काढायला वाढवू नकोस.