तंबूपाशी गाडी लावायची की सामान उचलून चालत जायचं?

पोवईनाका:
मंडळी, घरात आठवडाभर यावरून वाद चाललाय, म्हटलं इथंही टाकावा. माझा आतेभाऊ अमेरिकेत मेरीलँडला असतो, त्यानं आत्या आणि मामांना असाटीग नावाच्या बेटावर तंबूत राहायला नेलं. साठेक किलोमीटर लांब आणि अरुंद असं वाळूचं बेट आहे, एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला खाडी. तिथं समुद्राच्या अंगाला काही जागा फक्त तंबूवाल्यांसाठी ठेवल्यात, गाडी पार्किंगला सोडायची आणि शेदोनशे फूट वाळूतनं सगळं सामान हातानं न्यायचं. लाईट नाही, संडास साधा, अंघोळीला गार पाणी. आत्या फोनवर म्हणाली, "पैसे भरून वनवास." मामा मात्र भलतेच खूश, म्हणे रात्री लाटांशिवाय कसला आवाज नाही.

माझं मत मामांच्या बाजूनं आहे. आपल्याकडं कास, तापोळा, कोकण किनारा जिथं बघाल तिथं तंबूच्या दारात गाडी, गाडीची डिकी उघडी, डिकीतनं गाणी. गाडी लांब ठेवायला लावली ना, अर्धा गोंगाट तिथंच संपतो, कारण एवढा मोठा स्पीकर वाळूतनं उचलून न्यायचा कोण? चालत जायचे तंबू आपल्याकडंही झाले पाहिजेत. बोला.

हळदपेठ_सांगली:
काय राव, तुम्ही तरणी पोरं. माझ्या आईचे गुडघे गेलेत, तिला तापोळ्याला नेलं तेव्हा तंबूच्या तोंडाशी गाडी लागली म्हणून तर ती आली. आत खाट, शेजारी पक्कं बाथरूम. तुमच्या त्या बेटावर रात्री दोनला बाईमाणसानं बॅटरी घेऊन कुठवर चालायचं? शांतता पाहिजे म्हणून म्हातारी माणसं घरी ठेवायची का? नियम करायचा तर आवाजावर करा, पायांवर कशाला.

बामणोलीकर:
आवाजाचे नियम आत्ताही आहेत की दादा, पाळतंय कोण. आमच्याकडचं बघा, वासोटा किल्ल्यावर जायचं तर बामणोलीतनं बोट, वनखात्याची परवानगी, आणि संध्याकाळच्या आत माघारी, मुक्काम नाहीच. कोयना अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. गाडी पलीकडं जाऊच शकत नाही, म्हणून पलीकडचं रान अजून रान आहे. अलीकडच्या काठावर रविवारी सकाळी येऊन बघा, जिथंवर चाक पोचतं तिथंवर बाटल्या.

कराडची_पण_गुहागरची:
पोवईनाका, समुद्र म्हणजे कोयना धरणाचा शिवसागर जलाशय नव्हे. माहेर गुहागर म्हणून बोलते. कुंभार्ली घाट उतरून येणारी मंडळी मुद्दाम पौर्णिमा बघून येतात, चांदण्यात वाळूवर तंबू लावायची हौस. आमच्याकडं साधा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या आसपास, पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. म्हणजे हे लोक जेवून झोपले की नेमकी मोठी भरती, तीही उधाणाची. ओल्या वाळूची रेघ कुठवर आहे ते दुपारी बघून ठेवत नाहीत आणि मग रात्री गाद्या खांद्यावर घेऊन पळतात.

दुसरं, कासवं. वेळास, आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले थंडीत अंडी घालायला येतात, पिल्लं उजेडाकडं जातात. तुमच्या तंबूबाहेर कंदील लटकला की ती पाण्याऐवजी तिकडं. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून काम केलं आणि बघायला येणारे लोक गावातल्या घरांत उतरतात, दोन पैसे त्या घरच्या बाईच्या हातात पडतात. गाडीनं या, चालत या, पण वाळूवर झोपू नका, गावात राहा. तंबूचं खूळच नको.

पोवईनाका:
ताई, भरतीचं आणि कासवांचं शंभर टक्के मान्य, पण असाटीगला तंबू भरतीच्या वाळूवर नसतातच. वाळूचे उंच ढीग असतात, त्यांच्या मागं जागा आखून दिलेल्या, आणि त्या ढिगांवर पाय ठेवायलाही बंदी, कारण वाऱ्या-लाटांना अडवणारं दुसरं काही तिथं नाही. ते बेट रिकामं राहिलं त्याची गंमत तर अजून वेगळी. तिथंही प्लॉटिंग पडलं होतं, आपल्याकडं हायवेला बोर्ड लागतात तसंच, रस्ता केलेला, प्लॉट विकलेले. मार्च १९६२ च्या वादळानं रस्ता उखडून टाकला. १९६५ ला सरकारनं राष्ट्रीय किनारा जाहीर केला, मग बंगल्यांच्या जागी तंबू आले.

आणि राहणं सोपं नाही हे मीही म्हणतोय. साध्या खुंट्या वाळूत धरतच नाहीत, लांब रुंद खुंट्या लागतात, नाहीतर पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधायची, हातभर खड्डा करून पिशवी आडवी पुरायची आणि वर पायानं दाबायचं. मामांनी शेतातल्या सवयीनं ते चटकन केलं, भाऊ नुसता व्हिडिओ बघत बसला. वारा समुद्राकडनं असेल तोवर ठीक, जमिनीकडनं फिरला की मागच्या दलदलीतले डास येतात. शिवाय जंगली घोडे. ते मोकळे फिरतात, बारा मीटर लांब राहायचं, आणि खाण्याच्या वासानं तंबूत तोंड घालतात म्हणून सगळं खाणं गाडीत कुलपात. आत्यानं इथनं नेलेलं भडंगसुद्धा. रात्री भूक लागली की चाला पार्किंगपर्यंत, ती चिडली त्यातली निम्मी त्या भडंगापायी.

हळदपेठ_सांगली:
😂 आत्याबाईंना माझा पूर्ण पाठिंबा. बघा, तुम्हीच सांगताय डास, घोडे, भूक. यात सुट्टी कुठंय?

पाचगणी_टेंट:
मी धंद्यात आहे म्हणून सरळ बोलतो. गिऱ्हाईक बुकिंगच्या आधी तीन गोष्टी विचारतं, पार्किंग जवळ आहे का, चार्जिंग आहे का, संडास कमोड आहे का. शांतता आहे का, हे मला अजून एकानंही विचारलेलं नाही. पार्किंग दोनशे फुटांवर ठेवलं तर सामान न्यायला माझीच पोरं लागणार, वर एक स्टार देऊन जाणार. तिथं सरकारची जागा आहे, तंबू माणूस स्वतःचा आणतो, सरकारला गिऱ्हाईक टिकवायची काळजी नाही. मी जागेचं भाडं भरतो.

बामणोलीकर:
न विचारणारे दुसरीकडं जातात हो. ते तुम्हाला फोनच करत नाहीत तर कळणार कसं?

पाचगणी_टेंट:
हे मात्र खरं असू शकतं. पण माझा हप्ता फोन करणाऱ्यांवर चालतो.

कराडची_पण_गुहागरची:
बरं, बेटाची एवढी हौस आहे तर आपल्याकडं कुठं करणार तेही सांगा. सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग बेटांवरच आहेत, पण ती संरक्षित स्मारकं, तिथं तंबू ठोकायचा प्रश्नच नाही. उरला गावाचा किनारा. तो मासे वाळत घालायला, होड्या ओढायला लागतो. ढिगांमागं जागा आखायची म्हणता, तिथं सुरूची बनं आहेत नाहीतर कुणाची तरी वाडी.

पोवईनाका:
म्हणून मी किनाऱ्याच्या आधी कोयनेकाठचं म्हणतोय, अभयारण्याच्या बाहेर, गावाच्या जागेत. पार्किंग गावात, तिथली पावती ग्रामपंचायतीची, तंबू ज्याचा त्यानं आणायचा. गुडघेवाल्या आयांसाठी गावातच दोन घरं. हळदपेठ, तुमच्या आई तिथं राहतील, तुम्ही चाला.

पाचगणी_टेंट:
सामानाला हातगाडा ठेवा आणि त्याचं भाडं लावा, नाहीतर ग्रामपंचायत दुसऱ्या महिन्यात गाड्या आत सोडेल. लिहून देतो.

हळदपेठ_सांगली:
हातगाड्यावर आईलाही बसवता येईल का? आणि संडासाचं अजून कुणीच बोललं नाही.