'पुण्याला जा' हा सल्ला आता पुरे

बियाणेवाला
नमस्कार मंडळी. वय ३४. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी-बियाणं, खत-औषधांचं दुकान आहे, नऊ एकर रान आहे. तालुक्याचं नाव लिहीत नाही, ते लिहिणं म्हणजे दुकानाची पाटीच लिहिणं. मी समलिंगी आहे. हे आईला माहीत आहे, एका मित्राला माहीत आहे आणि आता तुम्हाला.

गेल्या आठवड्यात पुण्यातल्या एका ओळखीच्याशी फोनवर बोलताना जरा रडगाणं गायलो, तर तो म्हणाला, "मग ये ना पुण्याला!" दहा वर्षांत हा सल्ला मला किती जणांनी दिला त्याची गणती नाही. देणाऱ्याला प्रत्येक वेळी वाटतं की हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलंय.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा दुकानात टीव्ही चालू होता. गिऱ्हाईकानं विचारलं, "काय लागलं हो?" मी म्हणालो, "कोर्टाचं काहीतरी." आणि त्याला बोंडअळीच्या औषधाची बाटली काढून दिली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं दीडशे वर्षांहून जुनं कलम ३७७ त्या दिवशी आमच्यापुरतं गेलं आणि मला पेढा वाटायलासुद्धा माणूस नव्हता. आजही नाही.

अ‍ॅपचं म्हणाल तर पुण्यात तीनशे मीटरवर आमच्यासारखे दहा जण दिसतात. माझ्या फोनवर सगळ्यात जवळचा ३८ किलोमीटरवर, तोही बिनफोटोचा. एकदा अचानक '४५० मीटर' दिसलं आणि मी घाबरून फोनच बंद केला. आमच्याकडे ४५० मीटर म्हणजे निम्मं नाव सांगितल्यासारखंच आहे, एक तर पेट्रोल पंप नाहीतर पतसंस्था.

माझं म्हणणं एवढंच. हक्क देशभर दिलाय ना, मग तो वापरायला आम्ही गाव का सोडायचं? शहरातल्या संस्थांनी दर वर्षी मोर्चे काढावेत, माझी ना नाही. पण जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्यातून एकदा चार माणसं चहाला बसतील, एवढं कुणी का करत नाही? मत सांगा. विरोधी असलं तरी चालेल, फक्त 'पुण्याला जा' म्हणू नका.

भूतपूर्व वाशीमकर
पुण्याला जा.

चेष्टा नाही. मी २००९ ला निघालो, परत राहायला गेलो नाही आणि हा सल्ला मी प्रत्येकाला देतो. पुण्यात आपल्यासारख्यांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट २००२ पासून होता. त्याचे संस्थापक बिंदुमाधव खिरे यांनी आपल्या मराठीत, साध्या भाषेत लिहिलेलं वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा मुंबईच्या इंग्रजी बोलणाऱ्या पोरांचा शौक नाही. ११ डिसेंबर २०१३ ला कोर्टानं आम्हाला पुन्हा गुन्हेगार ठरवलं त्या संध्याकाळी मी एकटा नव्हतो. माझ्या वयाचा एक जण त्या वेळी वाशीमलाच होता. त्याचं पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही.

तुझ्या चार माणसांच्या चहातली अडचण सांगतो. चारांतला एक फुटला की चारही उघडे पडतात. पुण्यात मी एका गटावर रुसून दुसऱ्या गटात गेलो, मग त्या दुसऱ्यावरही रुसलो. रुसायची सोय असणं ही लहान गोष्ट नाही, भाऊ. तुमच्या तालुक्यात ती कुठे आहे? तुझा प्रियकर तुला सोडून गेला तरी दर शनिवारी बाजारात समोर उभा.

निवृत्त मास्तर
चि. बियाणेवाले, प्रथम आपल्या धीटपणाबद्दल कौतुक. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३६ वर्षे नोकरी केली. माझे मत आपल्याला रुचणार नाही.

आमच्या गावातही असे दोघे होते. सगळ्या गावाला ठाऊक होते, कुणी चकार शब्द काढला नाही. दोघांची लग्ने झाली, मुलेबाळे झाली, एकमेकांच्या शेतावर येणेजाणे शेवटपर्यंत राहिले. गाव पुष्कळ गोष्टी पोटात घालते. मात्र आपण त्या गोष्टीला नाव दिले, मंडळ काढले, की गावाला बाजू घ्यावी लागते, आणि गाव एकदा बाजू घेऊ लागले की ती कुणाची घेईल हे आपण जाणताच. कायद्याने गुन्हा नाही, हे योग्यच झाले. मंडळाचा अट्टहास कशाला? हे सारे इंटरनेटने आणलेले खूळ आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

निंबोळी
मास्तर, त्या दोघांच्या बायकांना कुणी काही विचारलं होतं का?

माझ्या आत्याचं लग्न अशाच एका सज्जन माणसाशी झालं. मारहाण नाही, दारू नाही. चाळीस वर्षं ती स्वतःत खोट शोधत राहिली, गंडेदोरे झाले, उपास झाले. नवरा गेल्यावर तिला खरं कळलं, तेही जाऊबाईंकडून. जावेला आधीपासून माहीत होतं. गावानं पोटात घातलं म्हणता ना, ते आत्याच्या पोटात घातलं.

इंटरनेटचं म्हणाल तर र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ ला निघालं. लोक त्यांना पत्रांतून असलेच प्रश्न विचारायचे, समलिंगी संबंधांबद्दलही. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये खटला झाला आणि कोर्टात कर्व्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली. तेव्हा कुठलं इंटरनेट होतं? टपाल होतं.

निवृत्त मास्तर
आपल्या आत्यांबद्दल वाचून वाईट वाटले. तो विचार मी केला नव्हता. मंडळाविषयीचे मत मात्र कायम आहे.

ढेकूळ
पाऊस नाही, कापसाला भाव नाही, आणि यांना जोडीदार पाहिजेत. चालू द्या.

बियाणेवाला
@ढेकूळ, पाऊस नाही म्हणून तुमच्या गावातली लग्नं थांबलीत का? डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू पोरं मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली होती, 'बायको द्या' म्हणून. लोक हसले, पण हळहळलेही. त्यांना कुणी म्हणालं नाही की ही खासगी बाब आहे, गुपचूप घरात बसा.

अवांतर: शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही, या गोष्टीनं माझ्यासारख्यांवर केवढे उपकार केलेत! आमच्या गल्लीत पस्तिशीचे सहा बिनलग्नाचे आहेत. त्यांच्या रांगेत मीही उभा. आई शेजारणीला म्हणते, "स्थळंच येत नाहीत हो," आणि माझ्याकडे बघत नाही. त्या सहांतला कोण खरंच मुलीसाठी थांबलाय आणि कोण माझ्यासारखा आडोशाला उभा आहे, हे मला कसं कळणार? हाच तर माझा प्रश्न आहे.

@वाशीमकर, नऊ एकर पाठीवर बांधून आणू का? पुण्यात मी काय करू, डिलिव्हरी? तुझ्याकडे तेव्हा डिग्री होती.

झोळीवाला
मी अकरा वर्षं एड्स नियंत्रणाच्या प्रकल्पात फिरलो, आधी परभणीकडे, मग सांगली-कोल्हापूर पट्ट्यात. 'खेड्यात कम्युनिटी नाही' हे दोन्ही बाजूंचं गृहीतकच चुकीचं आहे. भरपूर आहे. ST स्टँडच्या मागे, जुन्या टॉकीजजवळ, जत्रेच्या रात्री, ट्रकच्या ढाब्यावर. आम्ही त्याला 'हॉटस्पॉट' म्हणायचो आणि वहीत नकाशे काढायचो. त्या माणसांना 'समलिंगी' हा शब्द माहीत नसायचा. बायकी वळणाचे स्वतःला 'कोती' म्हणायचे, जोडीदाराला 'पंथी'. बाकीचे काहीच म्हणायचे नाहीत, अंधार पडला की यायचे. जिल्ह्याच्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत आमचं सेंटर असायचं. लोक तपासणीच्या निमित्तानं यायचे आणि तासन् तास नुसतं बसून जायचे. एक जण तिथं येऊन बांगड्या घालायचा, जाताना काढून कपाटात ठेवायचा. बियाणेवाले, तुमचा चहा तो हाच.

पण पैसा एड्सचा होता. वर हिशेब जायचा तो किती कंडोम वाटले, किती जणांच्या तपासण्या झाल्या याचा. 'आज दोघं पोटभर रडले' याला रकाना नव्हता. निधी आटला की खोल्या बंद व्हायच्या, आणि कपाट मालकाच्या ताब्यात.

कोल्हापूर-सोलापूरकडे यल्लम्माचे जोगते आहेत. बायकी चालीच्या मुलाला देवीनं धरलं म्हणायचं, परडी द्यायची, लुगडं नेसवायचं. गाव पाया पडतं. शहरातले अभ्यासक येऊन म्हणतात, बघा, आपली परंपरा किती उदार! मी त्या पोरांबरोबर जेवलोय. देवीची म्हणून गाव पाया पडतं आणि पंक्तीला बाजूला बसवतं. शिवाय ज्याला लुगडं नको आहे, मिशा ठेवूनच दुसऱ्या पुरुषावर प्रेम करायचंय, त्याला या परंपरेत जागा काय? तेव्हा मास्तरांचं 'गाव पोटात घालतं' हे अर्धवट खरं आहे. गाव स्वतःच्या अटींवर पोटात घालतं.

काळा कोट
हक्क-हक्क चाललंय म्हणून थोडं स्पष्ट करतो. २०१८ च्या निकालानं 'गुन्हा नाही' एवढं झालं. लग्नाचा हक्क १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायाधीशांनी नाकारला, फेरविचाराचे अर्जही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ खात्यानं खुलासा केला की समलिंगी जोडीदाराबरोबर संयुक्त खातं काढता येतं, त्याला नॉमिनीही करता येतं. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. मृत्युपत्र करा, साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात. शेतजमिनीचं गणित वेगळं आहे, ते वकिलासमोर बसूनच सोडवा. 'बरा करून देतो' म्हणणारा डॉक्टर भेटला तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच त्याला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. अ‍ॅपवर भेटायला बोलावून पैसे उकळले तर ती खंडणी, न्याय संहितेचं कलम ३०८. तक्रार करा. ३७७ आता नव्या संहितेत नाही, तुमच्यावर उलटणार नाही.

बियाणेवाला
वकीलसाहेब, ठाण्यातला हवालदार माझ्याकडून उधारीवर युरिया नेतो. तक्रार द्यायची म्हणजे त्याच्यासमोर बसून सगळं सांगायचं. मग उधारीही गेली आणि मीही गेलो.

काळा कोट
दुसऱ्या कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो. पुढे तपास तुमच्याच ठाण्याकडे येतो, हे मात्र खरं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

ओसरी
सगळं वाचलं. कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही? स्टँड, टॉकीज, ढाबा, अ‍ॅप. यातल्या कुठल्या जागी रात्री आठनंतर बाई उभी राहू शकते?

मी आरोग्य खात्यात आहे, उपकेंद्रावर. झोळीवाले दादांच्या प्रकल्पात आम्ही कधीच नव्हतो, कारण आमच्यापासून कुणाला एड्सचा धोका नव्हता. वेश्या, पुरुष, तृतीयपंथी, सुया टोचणारे, सगळ्यांचे रकाने होते. दोन बायकांचा रकाना नव्हता, म्हणून खोली नाही आणि कपाटही नाही. बियाणेवाल्यांच्या गल्लीत पस्तिशीचे सहा पुरुष बिनलग्नाचे आहेत म्हणे. पस्तिशीची एक तरी बाई बिनलग्नाची आहे का? आमच्यासाठी तो आडोसासुद्धा नाही.

वकीलसाहेबांना माहीत असेलच, आमच्यावर ३७७ लावायची कधी फारशी गरजच पडली नाही. घरचे 'बेपत्ता'ची तक्रार देतात, मैत्रिणीवर पळवून नेल्याचा आळ घेतात, पोलीस मुलीला घरी आणून सोडतात. केरळात २०२२ मध्ये दोन मुली हायकोर्टापर्यंत गेल्या तेव्हा त्यांना एकत्र राहता आलं. माझ्या ओळखीतली मुलगी बस स्टँडपर्यंतसुद्धा पोचली नाही.

म्हणून मी वाशीमकरांच्या बाजूची आहे. मुलींनो, नोकरी मिळवा आणि निघा. 'गाव का सोडायचं' हा प्रश्न ज्याच्या नावावर सातबारा आहे त्यानंच विचारावा.

भूतपूर्व वाशीमकर
ताई बाजूनं बोलल्या तरी एक कबूल करतो. वडील आजारी पडले तेव्हा मी बारा दिवस गावी होतो. सगळं भावानं केलं. मी कुठे असतो, कुणाबरोबर राहतो, कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पुण्यातल्या मला तिथं कुणी ओळखत नाही. शहरात गेलो म्हणजे सुटलो असं नाही. फक्त हप्ता दुसरीकडे भरतो.

तरी सल्ला तोच.

बियाणेवाला
@ओसरी, सातबाऱ्याचं मान्य. माझ्या बहिणीचं नाव हक्कसोडपत्रावर सही करून निघालंय, मीच तिला तहसीलला घेऊन गेलो होतो. तेव्हा हे सुचलं नव्हतं.

पण चहाचं मी सोडत नाही. झोळीवाले, खोली नको, कपाट नको. जिल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी बसू. त्या दिवशी 'कशाला चाललास' हे कुणी विचारत नाही.

झोळीवाला
मी येतो. आणखी दोघं-तिघं येतील, जुन्या वहीतले. पहिल्या वेळी कुणी खरं नाव सांगायचं नाही, फोटो काढायचा नाही आणि आल्याबरोबर फोन टेबलावर पालथे ठेवायचे.

भूतपूर्व वाशीमकर
जागा आणि वार इथे लिहू नका रे बाबांनो. व्यक्तिगत निरोप पाठवा. ढेकूळही वाचतोय.

ढेकूळ
मला काय करायचंय तुमच्या चहाशी.

ढेकूळ
कुठला जिल्हा पण?

ओसरी
बाजाराचा दिवस आम्हाला जमणार नाही, त्या दिवशी घरी पाहुणे असतात. मंगळवार ठेवा. जिल्हा रुग्णालयात तपासणी आहे म्हणून सांगता येतं, आणि सोबत बाईच लागते.