ओमेगा सीमास्टर घड्याळ विकायचंय : किंमत किती सांगू, फसगत कशी टाळू? (बेळगाव)

टिळकवाडीकर
मंडळी, सल्ला हवाय. मामा मस्कतला होते, तिथून २००९ साली त्यांनी ओमेगा सीमास्टर आणलं. आता ते माझ्याकडे आहे. निळी तबकडी, तिच्यावर लाटांची नक्षी, मॉडेल नंबर २२२०.८०. डबा आणि वॉरंटी कार्ड आहे, दुकानाची पावती मात्र हरवली. पट्ट्याच्या काढलेल्या कड्या डब्यातच आहेत. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीला हातभार म्हणून विकायचं ठरलंय, मामांची परवानगी आहे. खडेबाजारातल्या एका दुकानदाराने हातात घेऊन नुसतं पाहिलं आणि "नव्वद हजार, आत्ता देतो" म्हणाला. इकडे ऑनलाइन लोक तीन-साडेतीन लाख लावून बसलेत. खरा आकडा कुठला? आणि अनोळखी माणसाला एवढी वस्तू द्यायची तरी कशी?

अनगोळचा_पक्या
नव्वदला सोडू नका ओ! तुम्हाला घाई किती हाय ते बघालाय तो.

निपाणीचा_घड्याळवेडा
जाहिरातीतले साडेतीन लाख विसरा. त्या भावाला कुणी घेत नाही, म्हणून तर ती जाहिरात महिनोन्‌महिने तिथेच दिसते. क्रोनो२४ या घड्याळांच्या खरेदी-विक्रीच्या साइटवर नेमका २२२०.८० टाकून शोधा. २५३१.८० दिसायला जुळा भाऊ, पण त्यात आधीचं मशीन, तुमच्यासारखं को-ॲक्सियल (ओमेगाचं कमी घर्षणाचं मशीन) नाही. २५४१.८० तर क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं. बरेच लोक तिन्हींची सरमिसळ करतात आणि मग भावाचा घोळ होतो. डबा-कार्डासकट असलेली दहा-बारा घड्याळं बाजूला काढा, सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त सोडा, मधल्यांवर नजर ठेवा. हे भाव बहुतेक व्यापाऱ्यांचे, त्यात त्यांचा नफा आणि हमी धरलेली. घरगुती विक्रेत्याला त्यातून पंधरा-वीस टक्के सोडावेच लागतात. दुकानदाराला दिलं तर आणखी खाली, कारण सर्व्हिसिंगपासून परतीपर्यंत सगळं त्याच्या डोक्यावर. तो कमी देतो याचा राग नको, पण नव्वद म्हणजे फारच झालं.

पुण्या-मुंबईच्या जुन्या घड्याळांच्या व्यापाऱ्यांना, इथॉस या घड्याळांच्या दुकानसाखळीच्या 'सेकंड मूव्हमेंट' या जुन्या घड्याळांच्या विभागाला फोटो पाठवून दर विचारा. दोन-तीन ठिकाणचे दर आले की त्याच्या खाली उतरायचं नाही.

आणि एक, पॉलिश करू नका. हात जोडून सांगतो. पट्टा अडकतो त्या कानांची वळणदार धार गेली की जाणकाराला लांबूनच कळतं, आणि ती परत येत नाही. ओरखडे असू द्यात, त्यांचे जवळून फोटो टाका. मागचं झाकणही गल्लीतल्या कारागिराकडे उघडायचं नाही. सर्व्हिसिंग झालं नसेल तर तसं लिहून मोकळे व्हा. विकण्याआधी केलेला खर्च क्वचितच वसूल होतो.

खानापूरकर७१
मी म्हणतो विकूच नका. स्विस घड्याळ सोन्यासारखं वाढतं.

निपाणीचा_घड्याळवेडा
काका, रोलेक्सच्या मोजक्या मॉडेलांचं ठीक आहे. बाकीच्यांचं तसं नाही. स्वित्झर्लंड धरून चार देशांच्या एफ्टा गटाशी आपला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय, स्विस घड्याळांवरचा आयात कर टप्प्याटप्प्याने उतरणार. नवं स्वस्त व्हायला लागलं की जुन्याला जास्त कोण देईल?

शहापूरची_सूनबाई
मी बँकेत आहे, म्हणून फक्त पैशाचं सांगते.

एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही. कायद्याने बंदी आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच. घेणारा "अर्धे रोख, अर्धे खात्यात" म्हणाला तरी मान हलवू नका. दोन लाखांपासून पुढे आरटीजीएस होतं, रात्री-सुट्टीलासुद्धा. कमी असेल तर एनईएफटी. जमा झाल्याचं स्वतःच्या ॲपमध्ये बघायचं. एसएमएस आणि स्क्रीनशॉट खोटे बनवता येतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही.

"मिलिटरीत आहे, पोस्टिंगवर आहे, माझा माणूस पाठवतो" हा फोन हमखास येईल. आपल्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर असल्यामुळे आपल्याला तो चटकन खराही वाटतो. ओळखपत्राचा फोटो पाठवला म्हणून विश्वास ठेवू नका, तो फोटो कुणाचाही असतो.

सगळ्यात महत्त्वाचं, पैसे घड्याळ विकत घेणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यातून यायला हवेत. "मित्राच्या खात्यातून टाकतो" म्हटलं की व्यवहार तिथेच बंद. ते पैसे कुणाला तरी फसवून आलेले असले आणि त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केली, की पैसा जिथे जिथे गेला ती खाती गोठवतात. घड्याळ गेलेलं, पैसे अडकलेले, आणि कुठल्या तरी लांबच्या राज्यातल्या पोलीस ठाण्याला पत्रं लिहीत बसायचं.

टिळकवाडीकर
वहिनी, हे खात्याचं माहीतच नव्हतं. एक पुण्याचा गृहस्थ विचारतोय, कुरिअरने पाठवा म्हणतो. दुसरा हुबळीचा, तो घड्याळाच्या सिरियल नंबरचा फोटो मागतोय. आणि यावर टॅक्स लागतो का?

निपाणीचा_घड्याळवेडा
कुरिअर नको. पार्सल हरवलं तर साध्या कुरिअरची भरपाई किरकोळ असते, आणि पोचल्यावर "डब्यात वेगळंच निघालं" म्हणाला तर तुम्ही काय दाखवणार? पुणेकराला बेळगावला येऊ दे. गाडीने सहा-सात तास, खरा गिऱ्हाईक येतो. घरी बोलवू नका. वहिनींसारख्या कुणाच्या तरी बँक शाखेत, दिवसा, एका माणसाला बरोबर घेऊन.

नंबर कानाच्या मागच्या बाजूला बारीक कोरलेला असतो. जाहिरातीत शेवटचे तीन आकडे झाका, पूर्ण नंबर समोर आल्यावर. तुमचा नंबर चोरून दुसरा कुणी खोटी जाहिरात टाकतो. फोटोत घड्याळाशेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद ठेवा, मागे घराची खिडकी किंवा देव्हारा दिसू देऊ नका. आणि गिऱ्हाइकाच्या हातून घड्याळ परत आलं की पुन्हा नंबर ताडून बघायचा, लाजायचं नाही. हातचलाखी तिथेच होते.

शहापूरची_सूनबाई
वापरातलं स्टीलचं घड्याळ वैयक्तिक वस्तू धरली जाते, त्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. सोन्याचं किंवा हिरे जडवलेलं असतं तर दागिन्यात गेलं असतं. तुमचं स्टीलचंच ना?

टिळकवाडीकर
स्टीलचंच. पुणेकराला शनिवारी बोलावलंय, बघू येतो का. पावती मराठीत केली तर चालेल?

अनगोळचा_पक्या
दुसरा आणि चौथा शनिवार बँक बंद असते ओ, तारीख बघून बोलवा.

शहापूरची_सूनबाई
पक्याचं बरोबर आहे. पावती दोघांना वाचता येईल अशी कुठल्याही भाषेत चालते. पण उद्या इथल्या पोलीस ठाण्यात दाखवायची वेळ आली तर कन्नड किंवा इंग्रजी प्रत हाताशी असलेली बरी. मॉडेल, पूर्ण नंबर, रक्कम, यूटीआर नंबर (बँकेतून पैसे आल्याचा व्यवहार क्रमांक), 'आहे त्या स्थितीत विकलं' हे वाक्य, दोघांच्या सह्या, एक साक्षीदार. त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या. आणि मामांकडून 'हे घड्याळ भाच्याला भेट दिलं' असं दोन ओळींचं पत्र आधीच सही करून घ्या, कारण दुकानाची पावती नाही म्हटल्यावर पहिला प्रश्न तोच येणार.