मदत हवी आहे: आईच्या आवाजाची जुनी कॅसेट

आई गेल्यावर तिच्या आठवणी नातवंडांसाठी एकत्र करतोय. फोटो आणि पत्रं स्कॅन झाली. अडलंय एका कॅसेटपाशी. बाबांनी तिला लहानपणाबद्दल बोलतं केलं होतं, ते त्यात आहे. तिचा तरुणपणीचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

कॅसेट सी-९० (९० मिनिटांची) आहे, म्हणजे फीत सी-६० (६० मिनिटांच्या) पेक्षा पातळ. बुरशी नाही, फीत अखंड आहे. पण हेडसमोर (प्लेअरमधला फितीवरचा आवाज वाचणारा भाग) फीत दाबून धरणारा फेल्टचा पॅड गळून पडलाय. थोडी वाजवली तर आवाज दबका, मधेच विरणारा, लगेच थांबवली. प्लेअर ठीक आहे: हेड साफ केलंय, दुसरी कॅसेट स्वच्छ वाजते आणि ऑडॅसिटीत (कॉम्प्युटरवर आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर रेकॉर्डही होते.

कवचाला स्क्रू नाहीत, ते चिकटवलेलं आहे. कॅसेट बाहेर पाठवणं शक्य नाही, बाबा ती नजरेआड होऊ देत नाहीत, आणि मला ते पटतं.

कुणी असं कवच स्वतः उघडलंय का? फितीला धक्का न लागता सांधा नेमका कुठून उकलायचा, आणि फीत स्क्रूच्या कवचात हलवावी की जुन्यातच नवा पॅड बसवावा?