बेसी स्मिथच्या मागची पेटी

तबकडीवेडा: काल कुणी लिहून गेलं, ‘बेसी स्मिथचं सेंट लुईस ब्लूज म्हणजे रडगाणं. मागे भजनाची पेटी, आणि आर्मस्ट्राँग दर ओळीला मधे नाक खुपसतो.’ रात्रभर डोक्यातून जाईना. बेसी म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या दुःखाच्या गाण्यांची, ब्लूजची गायिका; आर्मस्ट्राँग तिच्यामागे कॉर्नेट, म्हणजे छोटं ट्रंपेट, वाजवतो. १४ जानेवारी १९२५, न्यू यॉर्क, कोलंबिया कंपनी. मायक्रोफोन नाही, भोंग्यासमोर उभं राहून गायलेलं. संगीतकार हँडीच्या १९१४च्या मूळ गाण्यात नाचाचा ठेका होता. इथे लय इतकी उतरवलीय की ओळ संपल्यावर जागा उरते. ती कॉर्नेट भरतं. सारंगीवाल्याने हेच केलं की आपण वाहवा करतो ना?

भैरवी: मीच लिहिलं होतं, शब्द मागे घेणार नाही. सारंगी गळ्यामागून चालते, कॉर्नेट उलट उत्तर देतं. आणि पेटी कशाला? ही पेटी वाजवणाऱ्या फ्रेड लाँगशॉनेच त्याच दिवशी तिच्याच इतर काही गाण्यांना पियानो वाजवलाय!

पायपेटी: पेटीला नावं ठेवलेली ऐकून ऐकून वीट आलाय. माझे आजोबा दशावतारात पायपेटी वाजवायचे. रात्रभर भाता मारून सकाळी पाय सुजलेले असत, आणि गावचे जाणकार म्हणत, ‘पेटी काय, कुणीही बडवतो.’ १९४० साली ऑल इंडिया रेडिओनेही पेटीला दार लावलं, ते तीस वर्षं.

भैरवी: उगाच नाही लावलं. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघते का? तुमच्या आजोबांबद्दल आदर आहे, पण मुद्दा गाण्याचा चाललाय.

पायपेटी: गाण्याचंच बोलतोय! मींड निघत नाही म्हणूनच इथे ती हवी. पेटीचा सूर जागचा हलत नाही आणि बेसी त्याच्या खालून गंधार, सप्तकातला तिसरा सूर, उचलते, पुरता चढवतच नाही, अर्ध्यात सोडते. सूर धरलेला नसता तर ती किती घसरली हे कळलं असतं का? पियानोचा सूर तर विरून जातो.

तबकडीवेडा: ब्लूजला गंधार-बिंधार लावू नका. त्या लोकांचं दुःख त्यांच्या मोजमापाने ऐका.

पायपेटी: माझ्या कानाला जे नाव येतं तेच देणार. तुमचं सारंगीचं उदाहरण चालतं, माझा गंधार नाही?

तबकडीवेडा: बरं, सारंगी मीच आणली. तेवढं मान्य.

भैरवी: आत्ता हेडफोन लावून तीनदा ऐकलं. गंधाराचं पटलं, पेटी राहू द्या. कॉर्नेट अजूनही जास्तच बोलतं.