मदत हवी आहे: चार नगरसेवकांच्या प्रभागात आमच्या गल्लीची जबाबदारी नेमकी कोणाची?

नमस्कार. पूर्वी मी मुंबईत राहत होतो. तिथे 227 प्रभागांतून प्रत्येकी एकच नगरसेवक निवडून जातो, त्यामुळे तक्रार कोणाकडे न्यायची हा प्रश्न कधी पडला नाही. आता ज्या शहरात राहतो तिथे चार सदस्यांचा प्रभाग आहे. जानेवारी 2026 च्या निवडणुकीत अ, ब, क आणि ड या चारही जागांसाठी मी स्वतंत्र मत दिले.

आमच्या गल्लीतील ड्रेनेजचे चेंबर वारंवार तुंबते आणि मैलापाणी थेट जिन्यापाशी येते. माझी आई 74 वर्षांची आहे, ती विटांवर पाय ठेवत देवळात जाते. दोन महिन्यांत मी चारही नगरसेवकांच्या कार्यालयांत जाऊन आलो. सगळे सौजन्याने बोलले, परंतु प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले. एका कार्यालयातील भिंतीवर प्रभागाचा नकाशा होता आणि त्यावर स्केचपेनने चार भाग पाडलेले होते. आमची गल्ली नेमकी त्या रेघेखाली येते.

ही वाटणी त्यांनी आपापसांत केलेली आहे. चारही जागांसाठी संपूर्ण प्रभाग मतदान करत असल्याने चौघेही आमचे तितकेच प्रतिनिधी आहेत, असे माझे ठाम मत आहे. मी कोणावर राग धरून लिहीत नाही, मात्र मत मागायला चौघेही आमच्या दारात आले होते, याचा विसर पडू नये असे मनापासून वाटते.

जाणकारांना विचारायचे आहे की, अशा वाटणीला महापालिका अधिनियमात काही आधार आहे का? तसेच 2009 च्या दुरुस्तीने या अधिनियमात क्षेत्रसभेची तरतूद झाली, ज्यायोगे मतदारांना आपल्या भागातील कामे नगरसेवकासमोर एकत्र बसून मांडता यावीत. बहुसदस्यीय प्रभागात ती कोणी बोलवायची, आणि आपल्यापैकी कोणाच्या भागात ती प्रत्यक्ष भरली आहे का? भरली असल्यास मागणीचा अर्ज नगरसचिवांकडे दिला की क्षेत्रीय कार्यालयात, आणि त्यावर किती मतदारांच्या सह्या घेतल्या, हेही कृपया लिहावे. आमच्या गल्लीत 38 घरे आहेत, सह्या मी या रविवारपासून गोळा करू शकतो.